भुलीच्या वाटेवरची हाक

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे फोटो इस्पितळाच्या भिंतीवर लागतात. भूल देणाऱ्याचा फोटो मी तरी कुठे पाहिलेला नाही. तक्रार नाही, कारण ज्याचं तोंड पाहिल्यावर माणसाची आठवणच बंद पडते, त्याला कोण लक्षात ठेवणार? या अंकाच्या संपादकांनी मात्र मला आठवणीनं गाठलं आणि म्हणाले, "सणाचा अंक आहे, काहीतरी गमतीचं लिहा." आमच्या धंद्यात गमती भरपूर होत्या. त्यातली जी माझ्या मनातून जात नाही ती सणासुदीला सांगण्यासारखी आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावं.

प्लेग यायच्या आधीची ही मुंबई आहे. परळच्या बाजूला एक लहानसं धर्मार्थ इस्पितळ होतं, तिथे मी क्लोरोफॉर्म देत असे. राहायला गिरगावात, खोताच्या वाडीला लागून. सकाळी घोड्याच्या ट्रामनं जायचं आणि संध्याकाळी तो वास अंगावर घेऊन परत यायचं. क्लोरोफॉर्मचा वास गोड असतो, फार पिकलेल्या फळासारखा. माझा कोट दोरीवर वाळत असला की शेजारच्या मेरीबाय पोरांना त्याच्याखालून जाऊ देत नसत. "त्या कोटाखालनं गेलास तर दुपारभर झोपशील," असा त्यांचा दम होता. माझ्या आईला त्याचं वाईट वाटायचं, मला हसू यायचं.

हा धंदा असा चालतो. रोगी टेबलावर उताणा निजतो आणि मी त्याच्या डोक्याशी उभा राहतो. त्याच्या नाकातोंडावर फडक्याचा शंकू धरायचा आणि वरून थेंब थेंब औषध टाकायचं. थेंब कमी पडले तर सुरी लागताच रोगी उठून बसतो, जास्त पडले तर कधीच उठत नाही. मधली जागा फार अरुंद. ती ओळखायची कशी? नाडी बघतात, श्वास ऐकतात, पापणी उचलून पाहतात. पण आमच्याकडची खरी रीत म्हणजे हाक. रोग्याला त्याच्या नावानं हाका मारत राहायचं. पहिल्यांदा ठणठणीत ओ येते, मग जरा उशिरा येते, मग नुसता हुंकार, आणि मग काहीच येत नाही. काहीच आलं नाही की मी मान हलवायची आणि शस्त्रक्रिया सुरू व्हायची. काम झाल्यावर रोग्याला परत आणायचं तेही हाका मारूनच. माझ्या गळ्याला त्या काळी जेवढा व्यायाम झाला तेवढा एखाद्या भाजीवाल्याच्या गळ्यालाही झाला नसेल.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे. डोक्याशी उभं राहणाऱ्याला माणसं उलटी दिसतात. हनुवटी वर, कपाळ खाली. रस्त्यात कुणी हात जोडून "डॉक्टर, ओळखलंत का?" असं विचारलं की माझी पंचाईत व्हायची. त्याला तिथेच आडवं करून डोक्याशी जाता आलं असतं तर लगेच ओळखलं असतं.

औषधंही सगळ्यांना सारखी लागत नाहीत, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटवून दिलं ते लालबागच्या एका जॉबरनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमानं. गिरणीत त्याचं बोट चेंगरलं होतं. आम्ही ते कापून साफ केलं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जखमेवर आयोडोफॉर्मची पिवळी पूड भुरभुरली. दोन दिवसांत कोपरापर्यंत हात लाल होऊन फोडांनी भरला. पूड बंद केली, हात सुधारला. काही महिन्यांनी तोच माणूस दुसरं बोट घेऊन आला आणि फाटकातच थांबला. वाऱ्यावर त्याला पुडीचा वास लागला होता. "ती पिवली आसंल तर बोट तसंच ऱ्हाऊ द्या," तो रस्त्यातून ओरडला, "मी नऊ बोटांत भागवीन." आम्ही हसलो आणि त्याचं न ऐकता चिमूटभर पूड टाकून पाहिली. या वेळी दोन दिवस लागले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे सुजून मिटले.

हल्ली याला ॲलर्जी म्हणतात. तेव्हा आम्ही "मानवत नाही" एवढंच म्हणत असू. एखाद्या देहाला एखाद्या औषधाशी वैर असतं. का, ते कुणाला सांगता येत नाही. पहिली भेट साधी होते, पण देह ती लक्षात ठेवतो आणि पुढच्या भेटीला तयारीत असतो. माणूस विसरतो, देह विसरत नाही. मला अजूनही या गोष्टीची थोडी भीती वाटते.

हिरा मला पहिल्यांदा भेटली ती हात घेऊन. वरळीच्या कोळीवाड्यातली, लग्न होऊन थोडीच वर्षं झालेली, कानात जड सोनं, आवाज खणखणीत. तळहातात माशाचा काटा जाऊन आत पू झाला होता. बरोबर तिची आई होती. आमचे सर्जन फ्रामजी डॉक्टर, वयस्कर पारशी गृहस्थ, हात फार हलका आणि तोंड फार फटकळ. त्यांची एक पद्धत होती. क्लोरोफॉर्मच्या आधी मॉर्फियाची सुई टोचायची, म्हणजे रोगी शांत राहतो आणि क्लोरोफॉर्म कमी लागतो. मी सुई टोचली, शंकू धरला आणि हाका सुरू केल्या. "हिरा! ए हिरा!"

ओ यायची थांबली आणि फ्रामजींनी सुरी लावली. तेवढ्यात तिच्या गळ्यावर एक लाल वळ उठला. मग दुसरा. मग छातीवरून खांद्यावर, दंडावर अंगभर गांधी उठत गेल्या, कातडीखालून कुणीतरी बोट फिरवत चाललंय अशा. ओठ फुगले. श्वासाला शिट्टी लागली आणि माझ्या बोटाखालची नाडी गेली. मी शंकू फेकून दिला. पाय वर केले, छाती दाबली, ब्रँडी टोचली, गरम विटा लावल्या, आणि हे सगळं करताना मी ओरडत होतो. "हिरा! हिरा! अगं ओ दे, हिरा!" दुसरं काय करणार? मला तेवढंच येत होतं. बाहेर तिची आई भिंतीला कान लावून ऐकत होती.

ती परत आली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "मना कोन हाका मारीत व्हतं? पान्याखालून?"

मी म्हणालो, "अगं, मीच."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तुमी नाय. बाय व्हती."

भुलीतली माणसं काहीही बोलतात. एका कीर्तनकारांनी टेबलावर पडून इतक्या शिव्या दिल्या होत्या की फ्रामजी त्यांतल्या दोन-चार शिकले. म्हणून मी तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. क्लोरोफॉर्म तिला मानवत नाही, असा आम्ही निष्कर्ष काढला, आईला बजावून सांगितलं आणि विसरून गेलो.

आई विसरली नाही. पण ती जे समजली ते वेगळंच होतं. तिच्या लेकीला पाण्याखालून कुणीतरी नावानं बोलावलं होतं. लेक निम्म्या वाटेवर गेली होती. ज्यानं एकदा नाव घेतलं तो पुन्हा घेणार. मग उपाय एकच. घरी गेल्यावर त्यांनी पिठाची बाहुली केली, तिला हिराचं लुगडं गुंडाळलं, होडीतून नेऊन खाडीबाहेर सोडली आणि त्या दिवशी घरात चूल पेटवली नाही. हिरा मेली, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून त्याच पोरीला धोंडी म्हणायला लागले. धोंड्याला कोण बोलावतो? पोरं जगत नसली की आपल्याकडे दगडू, धोंडू नावं ठेवतात, हे मला माहीत होतं. चांगल्या वाढलेल्या बाईचं नाव असं बदललेलं मात्र मी ऐकलं नव्हतं. हे मला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर.

काही वर्षांनी, प्लेगच्या थोडं आधी, एका सकाळी चौघांनी झोळीतून एक बाई आणली. माशांची पाटी उचलताना जांघेतून आतडं बाहेर आलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. असं अडकलेलं आतडं काळं पडायला लागतं. त्याच दिवशी कापून मोकळं केलं नाही तर माणूस दगावतो. वेदनेनं तोंड वेडंवाकडं झालेलं, गाल बसलेले, कानात सोनं नाही.

"नाव काय?" मी विचारलं.

"धोंडी," बरोबरच्या म्हातारीनं सांगितलं.

"पूर्वी कधी भूल घेतली होती?"

"नाय."

म्हातारीच्या डोळ्याला डोळा मिळाला तेव्हा तिनं पदर पुढे ओढला. मला वाटलं, संकोच. मी बाईला मॉर्फियाची सुई टोचली, तिला टेबलावर घेतलं आणि डोक्याशी जाऊन शंकू नीट करायला लागलो. क्लोरोफॉर्मच्या बाटलीला अजून बूच होतं.

खाली पाहिलं, आणि तिच्या गळ्यावर एक लाल वळ उठला.

मग दुसरा. तोच गळा, तीच छाती, त्याच वाटेनं खांद्यावर. ओठ फुगायला लागले. उलट्या दिसणाऱ्या त्या तोंडाकडे मी पाहत राहिलो. समोरून न ओळखलेली बाई मी डोक्याकडून ओळखली. माझ्या तोंडून निघून गेलं, "हिरा!"

बाहेरून म्हातारी, तिची आईच ती, किंचाळत आत आली. "नाव घेऊ नको! डाक्तरा, ते नाव घेऊ नको! ती मेली!"

पुढचा सगळा वेळ आम्ही हिरासाठी झगडत होतो. या वेळी गांधी जास्त जोरात होत्या आणि श्वास जास्त वेळ अडला. फ्रामजी तोंडानं पारशी शिव्या देत होते आणि हातांनी तिची छाती हलवत होते. म्हातारी कोपऱ्यात उभी राहून तिच्या नव्या नावाचा जप करत होती, "धोंडी हाय, धोंडी हाय, धोंडी हाय." तो आवाज मी विसरलेलो नाही. शेवटी नाडी बोटाला लागली. गांधी उतरायला लागल्या.

पण आतडं तसंच अडकलेलं होतं.

फ्रामजी खुर्चीत बसले आणि कपाळ पुसून म्हणाले, "डिकरा, या बाईला भूल सोसत नाय. दोन वेळा बघितला. आता तसाच कापायचा. चार माणसं पकडतील."

"तसंच कापलं तर टेबलावरच जाईल."

"आणि क्लोरोफॉर्म दिला तर? तुझा खांद्यावर जाईल?"

मी बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली. बूच तसंच होतं. "हिला आज क्लोरोफॉर्म दिलाच नाही," मी म्हणालो. ते बाटलीकडे बघत राहिले. मी स्वतःही ती गोष्ट तेव्हाच नीट पाहत होतो. इतकी वर्षं आम्ही ज्याला चोर म्हणत होतो तो घरात आलाच नव्हता, तरी चोरी झाली होती.

मग राहिली मॉर्फियाची सुई. पण मॉर्फिया तिच्या वाट्याला याआधी आला होता तो एकदाच, त्या हाताच्या वेळी, आणि अंग पेटलं होतं तेही त्याच वेळी. वैराला आधीची एक भेट लागते. ती कुठे झाली? मॉर्फिया अफूपासून काढतात. मी व्हरांड्यात गेलो. म्हातारी जमिनीवर बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "बाय, ही लहान असताना हिला अफू दिली होती?"

ती माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघायला लागली. मी जणू दूध पाजलं होतं का, असं विचारलं होतं. "समदी देतान. पोर निजवून बाजारात जावाचं तर मंग काय? हिला बी दिली व्हती. पन हिला सोसली नाय."

"सोसली नाही म्हणजे?"

"पयली पयली गोली घेतली, निजली. मंग एक डाव व्हट सुजले, आंगावर ह्या आशा गांधी. आमी म्हनलं कोनाची नजर. मंग दिली नाय."

म्हणजे वैर अफूशी होतं, क्लोरोफॉर्मशी नाही. मला उठून नाचावंसं वाटलं आणि त्याच वेळी मागची माणसं आठवली. ज्यांच्यावर आम्ही "क्लोरोफॉर्म मानवला नाही" असा शेरा मारून चादर ओढली, त्या सगळ्यांनाही मी आधी सुई टोचली होती. त्यांतले किती खरोखर क्लोरोफॉर्मनं गेले, ते आता कुणाला सांगता येणार? त्यांचं दुःख मला आजही होतं.

फ्रामजींनी सगळं ऐकून घेतलं. "तुला खात्री हाय?"

"नाही," मी म्हणालो. "पण दुसरा रस्ता नाही."

"मग चल."

आता अडवलं म्हातारीनं. ती दारात आडवी उभी राहिली. कापायला तिची ना नव्हती. भूल द्यायलाही नव्हती. "पन हाक नाय मारावची," ती म्हणाली. "ह्या नावानं नाय, त्या नावानं नाय. तुजी हाक आयकून ती दुसरी, पान्याखालची, येते."

मी तिला समजावलं की हाकेशिवाय मला भूल कुठवर गेली ते कळत नाही. तिनं ऐकलं नाही. तिनं इस्पितळातला कापूस मागून घेतला, त्याचे बोळे केले आणि लेकीच्या दोन्ही कानांत गच्च बसवले. वरून पदराची पट्टी फाडून बांधली. मग भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडावर नजर ठेवली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मुक्यानं भूल दिली. खोलीत लख्ख ऊन होतं, दूर गिरणीची घरघर चालली होती. मी थेंब टाकत होतो आणि ओठ घट्ट मिटून होतो. गळा सवयीनं हलायचा आणि मी तो आवळून धरायचो. श्वास ऐकला, नाडी पाहिली, पापणी उचलली, पुन्हा श्वास ऐकला. तिचा गळा मी डोळ्यात तेल घालून पाहत होतो. एक लाल रेघ उठली असती तर सगळं संपलं असतं. गळा स्वच्छ राहिला. मी मान हलवली. फ्रामजींनी आतडं मोकळं केलं. ते अजून काळं पडलं नव्हतं, आणि ते पाहून त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की परिचारिका दचकली.

टाके पडले. मी शंकू केव्हाच बाजूला केला होता. नाडी चांगली, श्वास चांगला. गांधीचं नाव नाही. पण हिरा जागी होईना.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. हाक मारायची. मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. आम्ही ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, तळपाय घासले, गालावर चापट्या मारल्या. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. श्वास हळू हळू उथळ होत चालला. ती खाली जात होती, हे मला कळत होतं आणि म्हातारीलाही कळत असावं, कारण ती एकेक पाऊल पुढे येत होती.

"बाय," मी म्हणालो, "आता कुणीतरी बोलवायला पाहिजे."

तिनं लेकीच्या डोक्यावरची पट्टी सोडली. कानांतले बोळे काढले. मग कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "धोंडी. ए धोंडी. ऊठ, बाय."

काही नाही. ती पुन्हा म्हणाली. जरा मोठ्यानं म्हणाली. ते नाव त्या देहात कुठे पोचतच नव्हतं. लहानपणापासून झोपेतून उठवायला जे नाव लागलं ते हे नव्हतं.

म्हातारीनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. ज्या नावाची तिनं बाहुली करून समुद्रात सोडली होती, ज्याच्यासाठी चूल बंद ठेवून रडली होती, ते नाव तिनं घेतलं. ओरडून नाही. रोज सकाळी बाजाराला निघताना घ्यावं तसं.

"हिराय."

पापणी हलली.

"हिराय गो. ऊठ."

हिराचे सुकलेले ओठ उघडले. डोळे मिटलेलेच होते. कपाळाला आठ्या घालून, झोपमोड झालेल्या पोरीसारखं ती पुटपुटली, "आये, तिला सांग ना गप ऱ्हायला. मगापासून हाका मारते."

फ्रामजींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवून नाही म्हणून मान हलवली. आईनं बोळे काढेपर्यंत खोलीत कुणी तिला हाक मारली नव्हती, आणि तोवर तिचे कान कापसानं भरलेले होते.

म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "तिला ओ देऊ नको. मना दे."

मी वाट पाहत होतो. माझ्या बोटाखाली नाडी चालली होती. हिरानं तोंड उघडलं, थोडी थांबली, कुणाकडे वळावं ते ठरवत असल्यासारखी, आणि मग आईला ओ दिली.